पाचवा सिलिंडर

१

बोईसरपासून तारापूरपर्यंत जितकी गॅरेजं आहेत, तितक्या सगळ्या मेकॅनिकांच्या फोनमध्ये 'दीपा कोड' या नावाने एक नंबर सापडेल. गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा लागला, की मेकॅनिक आधी अंदाजाने एखादा सेन्सर बदलतो. दिवा जात नाही. मग तो प्लग बदलतो. तरी जात नाही. मग तो गिऱ्हाइकालाच दरडावून विचारतो, की पेट्रोल कुठं भरलं होतं? एवढं सगळं करून हात टेकले, की दीपाला फोन लागतो.

दीपा स्कूटरवरून येते. स्टिअरिंगखालच्या खाचेत काड्यापेटीएवढा स्कॅनर बसवते, आणि दोन मिनिटांत तिच्या फोनवर गाडीचं दुखणं नंबर होऊन उमटतं. हा क्षण तिला इतका आवडायचा, की चौदा वर्षं तेच काम करूनही नंबर यायच्या आधी ती श्वास धरायची. गाडी कधी खोटं बोलत नाही, माणसं तिला नीट विचारत नाहीत, असं तिचं म्हणणं. मेकॅनिकांच्या अंदाजपंचे कामाला ती तोंडावर म्हणायची, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

तिचा एकच नियम होता. वहीत उतरवल्याशिवाय कोड पुसायचा नाही. कारण बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, गाडीचा वेग काय होता, हेही गाडी कोडाच्या शेजारी टिपून ठेवते. दीपा त्याला गाडीने काढलेला फोटो म्हणायची. कोड पुसला की दिवा विझतो आणि फोटोही जातो. बिघाड मात्र असतो तिथेच असतो.

तिचे वडील वामन यांना या सगळ्याचं भारी हसू यायचं. पाम गावच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज, वय एकसष्ट, आणि कानामागे कायम खडू. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, की कुठला सिलिंडर चुकतो आहे. मग खडूने तो आकडा गाडीच्या दारावर लिहायचा. मागाहून दीपाने स्कॅनर लावायचा. ज्याचं चुकेल त्याने चहा करायचा. आई गेल्यापासून घरात दोघंच होती, आणि चहा कुणी करायचा हा त्या घरातला सगळ्यात मोठा तंटा होता. कपाटाच्या दाराआड हिशोब मांडलेला होता आणि वामन सात चहांनी पुढे होते.

गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी रंगाने मोठ्ठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'उभी गाडी चालू ठेवू नये.' कुणी ठेवलीच, तर ते स्वतः खिडकीतून हात घालून किल्ली फिरवत. गिऱ्हाईक आत बसलेलं असलं तरी फिरवत.

२

मे महिन्यातली सकाळ. साडेनऊलाच पत्रा तापून कडकडायला लागला होता. जिव्याने आपली पांढरी व्हॅन रस्त्यावर लावली आणि आत येऊन म्हणाला, "काका, ब्रेक चिरकतो. शाळांना सुट्टी हाय, म्हटलं काम करून घ्यावं."

जिव्या डोंगराकडच्या पाड्यावरचा. पालघर स्टेशनवरून मास्तर-बाईंना वरच्या शाळांपर्यंत पोचवायचा. ही व्हॅन त्याने तीन महिन्यांपूर्वी एका दलालाकडून जुनीच घेतली होती.

"चालते कशी?" वामननी विचारलं.

"चालते झकास. हिच्यात बसलो का थकायलाच होत नाय काका. सा-सा फेऱ्या मारतो, तरी काय नाय. उतरलो का मंग पाय भरून येतात."

वामन व्हॅनमध्ये बसले, गाडी चढावावरून शेडमध्ये घेतली. आणि आत येऊन थांबताच डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला.

"लाइट मगाशी नव्हती काका," जिव्या म्हणाला. "तुमी बसले नि लागली."

"म्हणजे मी पनौती काय रे?"

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. वामननी शेजारची सीट उचलून उभी केली, आणि चालकाच्या जागेवर बसूनच, डाव्या अंगाला वाकून, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. दीपा हात बांधून बघत उभी राहिली. त्यांनी डोळे मिटले. पहिला सिलिंडर, दुसरा, तिसरा, चौथा. मग पुन्हा पहिल्यावर. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढून मूठ पुसली, कान चोळला, पुन्हा टेकवला.

शेवटी त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि डावा खांदा चोळत खाली उतरले.

"लिहा ना," दीपा म्हणाली.

वामननी कानामागचा खडू काढला. दारापाशी नेला. आणि तसाच परत ठेवला.

"चारी बरोबर हायत," ते म्हणाले. "मधीच एक ठोका चुकतो, ह्यो माला सपष्ट ऐकू येतो. पण ह्या चारांतला कोणीच चुकत नाय."

दीपा टाळ्या पिटत हसली. तिच्या आठवणीत वामननी खडू न लिहिता परत ठेवल्याची ही पहिलीच वेळ होती. "हरलात! आता बघा माझी जादू."

"हरलो नाय. खांदा दुखतो, काल जॅक ओढलेला. चहा ठेवतो." ते मागच्या खोलीत गेले आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.

३

फोनवर कोड उमटला. पी ०३०५.

दीपाने तो एकदा वाचला आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला. ०३०० च्या घरातले कोड म्हणजे मिसफायर, सिलिंडर पेट घ्यायचा चुकतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. एक म्हणजे पहिला, चार म्हणजे चौथा.

"पाचवा सिलिंडर चुकतोय," ती म्हणाली.

"बरा होईल ना?" जिव्याने विचारलं.

"अरे, तुझ्या गाडीला सिलिंडर चारच आहेत!"

ही गोष्ट एखाद्याला खटकली असती. दीपाच्या अंगावर मात्र आनंदाने काटा आला. चौदा वर्षांत हजारो कोड पाहिले, असला नाही. गाडी खोटं बोलत नाही, मग ही काय म्हणते आहे? तिने भराभर शंका फेडल्या. स्कॅनर चुकत असेल. डिकीतला जुना आणून लावला. पी ०३०५. दोन्ही बिघडले असतील. बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोला लावून पाहिलं, त्याने मुकाट्याने आपला नेहमीचा ऑक्सिजन सेन्सर सांगितला. व्हॅनला पुन्हा लावला. पी ०३०५.

तिने फोटो उघडला. बिघाडाच्या क्षणी गाडीचा वेग शून्य. इंजिनाचे फेरे, मिनिटाला एकेचाळीस. तापमान सदतीस.

"हॅ!" ती म्हणाली. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं. एकेचाळीसवर कुठलं इंजिन जगतं? आणि डोंगरातून उतरून आलेली गाडी सदतीसवर? मे महिन्यात नळाचं पाणी त्याहून गरम येतं. कचरा माहिती, असं तिने ठरवलं. आता एकच गोष्ट बघायची, हा कोड पुन्हा येतो का.

तिने वहीत पी ०३०५ लिहिलं. फोटोतला कचरा कशाला लिहायचा? आणि उत्साहाच्या भरात तिने पुसायचं बटण दाबलं. दिवा विझला.

४

ती चालकाच्या जागेवर बसली. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली एक टप्पा फिरवली आणि फोनवर चालू माहिती लावली.

फेरे ब्याण्णव. तापमान सदतीस.

इंजिन बंद आहे आणि फेरे ब्याण्णव! ती पुढे वाकली. आकडा शहाण्णव झाला. शंभर. तिची छाती धडधडत होती. एकशे चार. कुठंतरी काहीतरी जुळत होतं आणि तिला ते अजून कळलं नव्हतं. तिने नकळत डावं मनगट उजव्या हाताच्या बोटांत धरलं. समोरच्या घड्याळावर पंधरा सेकंद मोजले. सव्वीस. सव्वीस चोक एकशे चार.

"जिव्या!" ती ओरडलीच. "जिव्या, बस इथं, बस लवकर!"

ती उतरली. सीट मोकळी झाल्याबरोबर आकडा शून्यावर गेला. जिव्या बसला आणि सहासष्ट आला. तिने त्याचं मनगट धरून मोजलं. सहासष्टच. तिने त्याला शेडभोवती दोन चकरा पळायला लावलं, परत बसवलं. एकशे अठरा.

"काय चाललंय ताई?" त्याने धापा टाकत विचारलं.

"ही गाडी तुला मोजतेय, जिव्या! जो बसेल त्याला!"

तिला नाचावंसं वाटत होतं. चायनाचं एखादं डॉक्टरी यंत्र कुणी गाडीत बसवलं असेल का? सीटमध्ये सेन्सर? तिने सीट चाचपली. फाटका रेक्झिन, खाली काथ्या, त्याखाली पत्रा. वायर नाही. खाचेतल्या पिना तपासल्या. सगळ्या जागच्या जागी. म्हणजे माहिती इंजिनाच्या मेंदूतूनच येत होती, आणि मेंदूला कुणीही काही जोडलेलं नव्हतं. एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने जरा थांबायला हवं होतं. पण कोडं सुटत असताना थांबणं दीपाला ठाऊक नव्हतं. वहीत ती रकाने आखायला लागली. मी, ब्याण्णव. जिव्या, सहासष्ट.

ती वहीत डोकं घालून बसली असताना वामन चहाचे पेले ठेवून गाडीत जाऊन बसले.

"पुसला ना कोड?" त्यांनी विचारलं. कोड पुसला की गाडी फिरवून आणायची, दिवा परत लागतो का बघायचं, हा गॅरेजचा रिवाज. आणि फिरवून आणायची ती वामननीच, ठरलेल्या रस्त्याने, तारापूरवरून चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत आणि परत. समुद्राचा वारा खायचा तेवढाच बहाणा. "चहा गार व्हायच्या आत येतो."

"बाबा थांबा, तुमचंपण बघू..."

इंजिन सुरू झालं होतं. गाडी चढावावरून मागे उतरली, वळली आणि रस्त्याला लागली. स्कॅनर गाडीतच होता, फोन दीपाच्या हातात. ती हसत हसत फोनकडे बघत दारापर्यंत गेली.

एकेचाळीस.

अडतीस. शून्य. एकोणचाळीस. शून्य.

व्हॅन वडाच्या वळणावर गेली आणि फोनवर अक्षरं आली: जोडणी तुटली.

५

पत्रा कडकडत होता. चहाच्या तीन पेल्यांतून वाफ येत होती. दीपाच्या मनात एवढंच आलं, की एकेचाळीस हा आकडा मी आज आधी पाहिला आहे.

आणि मग सगळं एकदम कळलं. तो फोटो कचरा नव्हता. गाडी शेडमध्ये आली तेव्हा सीटवर बाबा होते. दिवा ते बसल्यावर लागला. डावा खांदा. खांदा दुखतो, काल जॅक ओढलेला. काल जॅक तिने ओढला होता, बाबांनी नव्हे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळा वेळ ती पिना आणि वायरी तपासत बसली, आणि ज्याचा ठोका चुकत होता तो माणूस चार हातांवर स्टोव्हला पंप मारत होता. आणि तिने तो फोटो पुसला. न लिहिता पुसला.

तिने फोन लावला. वामनचा फोन भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या सदऱ्याच्या खिशात वाजला.

"जिव्या, बस मागं!"

स्कूटर तिने अशी हाणली, की जिव्याने तिचा खांदा घट्ट धरला. रस्त्यावर कुठं गर्दी जमली आहे का, कुठं पांढरी गाडी नाल्यात उतरली आहे का, ती बघत होती. एकीकडे तिची बुद्धी तिला सारखी समजावत होती. बाई, गाडी माणसाची नाडी मोजत नाही. तू एकशे चार मोजलेस कारण तुला एकशे चार मोजायचे होते. जिव्याचं काय? तो योगायोग. मग बाबांचे शून्य? वळणावर जोडणी तुटत होती. सगळं पटत होतं आणि तरी ती स्कूटरची मूठ आणखी पिळत होती.

तारापूर गेलं. खाडीवरचा पूल गेला. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवांपाशी खारट वास नाकात शिरला आणि समोर किनाऱ्यावरची सुरूची झाडं दिसायला लागली. पांढरी व्हॅन अजून कुठंच नव्हती.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. जोडणी झाली होती.

बहात्तर.

तिने स्कूटर थांबवली आणि आकड्याकडे बघत राहिली. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. एकसुद्धा शून्य नाही. तापमान सदतीस. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बरे आहेत," ती जिव्याला म्हणाली. "अरे, बरे आहेत बाबा!" आणि तिने त्या खारट वाऱ्यात खोखो हसून घेतलं.

६

वळण घेतल्यावर सुरूच्या सावलीत व्हॅन दिसली. दार उघडं होतं, इंजिन चालू होतं, आणि चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं.

वामन तीस-चाळीस पावलांवर होते. तानी नावाची बाई तिथे रोज ताडगोळे विकायला बसायची. तिच्या टोपलीसमोर उकिडवे बसून, तोंडाला पाणी लागलेलं, ते मजेत ताडगोळे खात होते.

"अगं, तू कशाला आलीस?" ते म्हणाले. "दिवा नाय लागला. गाडी एकदम सरळ. खा, कोवळे हायत."

दीपाने फोन बघितला. बहात्तर. तिने गाडीकडे बघितलं. सीट मोकळीच होती.

"बाबा, गाडी चालू ठेवलीत?"

वामननीही गाडीकडे बघितलं, कुणी दुसऱ्यानेच ती चालू ठेवली असावी तसं. "हां, ती... बंदच करणार होतो. किल्लीला हात लावला, तर हात काय फिरंना. म्हटलं राहू दे." ते हसले. "पण काय सांगू, आज लई हलकं वाटतंय. खांदा तर दुखायचाच थांबला."

तानीने दीपाला हळूच जवळ बोलावलं. "बाय, तुजा बापूस माझ्या समोरच आला," ती पुटपुटली. "स्टेरिंगवर डोकं ठेवलानि नि तसाच. मी हाका मारल्या, हालवला, काय नाय. माणसां बोलवायला निघाले मी. दहा पावलां गेले असन, तं गाडीचा आवाज बदलला. आनी हा उठून बसला. म्हणतो, ताडगोले दे."

"आवाज बदलला म्हणजे?"

"भरला. आधी पोकल होता, तो भरला."

दीपा वडिलांजवळ जाऊन बसली. त्यांचं मनगट तिने हातात घेतलं, लहानपणी जत्रेत धरायची तसं. हात गरम होता, ताडगोळ्याच्या पाण्याने चिकट होता. तिने बोटं टेकवली आणि वाट बघितली. बोटं सरकवली. पुन्हा वाट बघितली. तिच्या स्वतःच्या बोटांतलं रक्त एवढं उसळत होतं, की त्यातून दुसरं काही कळेना. कानशिलावरचा घाम पुसल्यासारखं करून तिने मानेवर बोटं ठेवली.

"काय गं?" वामन म्हणाले. "लाडात आलीस."

मान गरम होती. बोटांखाली काहीच हलत नव्हतं. माझीच बोटं बधिर झाली आहेत, तिने ठरवलं. स्कूटर चालवून होतात बधिर.

"काका, पेट्रोल फुकट जळतंय," जिव्या गाडीपाशी जाऊन म्हणाला. "तुमीच म्हणता ना." आणि खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. समुद्राचा आवाज एकदम मोठा झाला.

"अगं, ह्या ताडगोळ्यांची च..." वामन म्हणाले आणि थांबले.

त्यांचा हात टोपलीवर होता. तोंड उघडं होतं. डोळे दीपाकडे होते आणि ते तिला बघत नव्हते. ओठांवर एक माशी बसली, ती चालत गेली, आणि ओठ हलले नाहीत. दीपाच्या हातातल्या फोनवर शून्य होतं. तापमान सदतीस. मग छत्तीस.

"चालू कर!" ती अशी किंचाळली, की तानीच्या हातातला कोयता खाली पडला. "जिव्या, चालू कर!"

जिव्याच्या हातून किल्ली निसटली. खाली पडली नाही, नुसती निसटली. पुन्हा धरली. स्टार्टर कुरकुरला, एकदा, दोनदा, आणि इंजिनाने पेट घेतला.

"...व आपल्या पामच्या ताडांना नाय," वामन म्हणाले. त्यांनी माशी हाकलली. "काय गं, किंचाळतेस काय?"

७

जिव्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो गाडीपासून दोन पावलं मागे सरला होता आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवत होता. दीपा गेली. पेट्रोलचा काटा लाल रेघेच्या खाली होता.

"सकाळी भरणारच होतो ताई," जिव्या कुजबुजला. "ब्रेकचं काम झालं का भरू, म्हटलं."

तिने स्कूटरची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "डबा घे, बाटल्या घे, मिळेल त्यात भरून आण. जिव्या, पळ. जितकं मिळेल तितकं."

तो गेला. तानीने टोपली उचलली आणि मागे न बघता वस्तीकडे चालायला लागली. किनाऱ्यावर बापलेक दोघंच उरली, आणि ती गाडी.

वामन उठले, हात झटकले. "चल, बंद कर ती. भिंतीवर लिहिलंय काय, आणि आपणच..." ते गाडीकडे निघाले. उजवा हात नेहमीसारखा आधीच पुढे झाला होता, खिडकीतून आत जायला.

दीपा धावत गेली आणि दारात आडवी उभी राहिली. काय सांगणार होती ती? जन्मभर गाडी खोटं बोलत नाही म्हणत आलेल्या बाईला एक धड खोटं सुचेना. तिची नजर शेजारच्या सीटवर गेली. तिथं हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर पडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मला ऐकायला शिकवा."

वामन थांबले. "काय?"

"इंजिन ऐकायला. तुमचं खरं होतं. चारांतला कोणीच चुकत नव्हता. मला शिकवा, आत्ता, गाडी चालू आहे तोवर."

त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला तिकडे बघवेना. चौदा वर्षं ते या एका वाक्याची वाट बघत होते आणि ते तिला कधी कळलंच नव्हतं. त्यांनी लगबगीने सीट उचलली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ तिच्या कानाला लावली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"डोळे मिट. घाई नाय करायची. ह्यो पहिला. टपोरा वाजतो ना? ह्यो दुसरा."

दीपाने डोळे मिटले. पहिला ऐकू आला. दुसरा, तिसरा, चौथा, एकामागून एक, झरझर. आणि त्यांच्या तळाशी, कुणाचीच घाई नसलेला, सावकाश आणि भरदार, एक. मिनिटाला बहात्तर. लहानपणी ताप आला की ती बाबांच्या छातीवर कान ठेवून झोपायची. हा आवाज ती कुठंही ओळखली असती.

"किती ऐकू येतात?" त्यांनी विचारलं.

"चार," ती म्हणाली.

"हॅट! नीट ऐक." त्यांनी मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हां. हा बघ. मगाशी हाच चुकत होता. आता काय झकास चालतोय." त्यांनी कानामागचा खडू काढला आणि दारावर, सकाळी जिथं लिहायचं राहिलं होतं तिथं, ठसठशीत पाच लिहिला. "चहा तुझ्याकडे. आठ झाले."

"आठ झाले," दीपा म्हणाली. "परत ऐकवा."

ते पुन्हा वाकले. तिने त्यांच्या खांद्यावरून काट्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. इंजिनाला एक आचका बसला. वामनच्या हातातला खडू क्षणभर हवेत थांबला, आणि पुन्हा हलला.